चादरीखालची हिंदबे

ऐन-हजल गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या जावयाची नोकरी गेली, चर्चचे पाद्री अबूना जिर्यस रविवारचं प्रवचन कुठल्या पाठकोऱ्या कागदावर लिहून आणतात आणि त्या कागदाच्या पुढच्या बाजूला कुणाच्या साखरेचा रिपोर्ट असतो, तेसुद्धा. चाळीस वर्षांत गावाला न कळलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे तक्ला हिंदबे आणते कुठून.

आता हिंदबे म्हणजे काही केशर नव्हे. परदेशातले लोक तिला डँडेलियन म्हणतात आणि हिरवळीतून उपटून फेकून देतात. आमच्या डोंगरावर ती थंडी सरता सरता दगडांच्या फटींतून डोकं वर काढते, दातेरी पानं चहूकडे पसरून जमिनीला घट्ट धरून बसते, आणि गावातल्या बायका पिशव्या नि चाकू घेऊन तिच्या मागे लागतात. पिवळं फूल यायच्या आत खुडायची, उकडायची, पिळायची, चिरायची, ऑलिव्हच्या तेलात लसणावर परतायची. वरून कुरकुरीत तळलेला कांदा, बाजूला लिंबाच्या फोडी. ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे गाव बरंचसं या भाजीवर काढतं. भाजी कडू असते, आणि ती कडू असते म्हणूनच तिचा मान आहे.

हा मान सगळ्यात जास्त कुठे, तर मोठ्या शुक्रवारच्या पंगतीत. येशूला क्रुसावर चढवलं तो हा दिवस. दुपारपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि मग चर्चच्या दालनात अख्खं गाव जेवायला. पहिला घास कडूच हवा. त्याला मरताना आंबट शिरका पाजला, तेव्हा आपण निदान तोंड तरी वाकडं करावं, असं आमचे वाडवडील म्हणत. त्या पहिल्या घासाची मोठी परात करायची ती चाकूवालीने.

चाकू साधाच होता. लाकडी मूठ, पातं अर्धं झिजून वाकडं झालेलं. तक्लाच्या सासूचा. सासू शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तिने सुनेला आणि लेकीला, दोघींना बोलावून घेतलं. लेक अदला त्या दिवशी नवे बूट घालून आली होती, इतकी तिला खात्री. म्हातारीने उशीखालून चाकू काढला आणि म्हणाली, "जिचा गुडघा उतारावर वाकतो, तिचा हा चाकू. वाकेनासा झाला की दुसरीला द्यायचा, रडायचं नाही." आणि दिला सुनेच्या हातात. अदला नऊ महिने वहिनीशी बोलली नाही. मग तिच्या लक्षात आलं की अबोला धरला की टोमणे मारता येत नाहीत, आणि ती पुन्हा बोलू लागली.

तक्लाला त्या चाकूचं काय होतं, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं वेडेपण वाटेल. ती होती परगावची. डोंगरापलीकडून लग्न होऊन आली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, मुलगा झाला, वाढला, फ्रान्सला गेला, तरी गावाच्या लेखी ती परगावचीच. अदला तर ओळख करून देतानाही म्हणायची, "ही आमच्या मल्हमची बायको, परगावची आहे." फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये, चाकू कमरेला खोचून ती बायकांच्या पुढे डोंगर चढायला लागली की कुणी तसं म्हणत नसे. आणि सगळ्या बायका परतल्यावर ती एकटी अजून वर जायची, कुठल्याशा जागी, आणि सगळ्यांहून कोवळी, सगळ्यांहून कडू हिंदबे घेऊन यायची. ती जागा तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

मग उजवा गुडघा गेला. डॉक्टरने फोटो उजेडात धरला, जीभ टाळ्याला लावून च्चक केलं आणि सांगितलं की सपाट रस्ता चालेल, उतार बंद. तक्ला घरी आली, ही बातमी फक्त नवऱ्याला सांगितली आणि त्याच्याकडून शपथ घेतली. मल्हम जन्मभर शाळेची बस चालवलेला, भला आणि शांत माणूस. त्याच्यात एकच खोट होती. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होत. बसमधल्या पोरांनीही ते ओळखलं होतं.

रविवारी फ्रान्समधल्या ल्यॉंहून मुलाचा, शाहीनचा, फोन आला तेव्हा तक्ला रडली. एवढी वर्षं त्याने आईला रडताना ऐकलं नव्हतं, तो घाबरला. गुडघा, उतार, चाकू, अदला असं सगळं उलटसुलट क्रमाने ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "आई, इकडे दुकानात हिंदबेच्या बिया मिळतात. पाकीटच पाठवतो."

"कशाच्या बिया?"

"हिंदबेच्या. लोक बागेत लावतात. सॅलड करून खातात."

तक्लाने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. तिला आपल्या मुलाची काळजी वाटू लागली होती. ज्या देशात तण विकत घेतात तिथे त्याचे दिवस कसे जात असतील, असं तिच्या मनात आलं. पण पाकीट आलं. पाकिटावर एक झाड होतं, पानं एवढी लांब की मल्हमने चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि विचारलं की ही भाजी आहे की गाढवाचे कान.

सप्टेंबरात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या कडेला, तक्लाने वाफा केला. आधी तिने त्या वाफ्याला भरपूर खत घातलं, पाणी घातलं, आणि मग एकदम तिला भीती वाटली की लाडाने भाजी बिघडेल. डोंगरावरची हिंदबे कोण लाडावतं? तिला दगडात राहावं लागतं, वारा खावा लागतो, बकऱ्या लाथा मारतात, म्हणून तर ती कडू होते. तेव्हा तक्लाने पाणी तोडलं, वाफ्यात दगड आणून टाकले, आणि रोज सकाळी तिथे उभी राहून झाडांना शिव्या घालायला सुरुवात केली. तुमचं कुणी नाही, तुम्ही परगावची आहात, तुमची पानं कुणी ताटात घेणार नाही, असं बरंच काही. मल्हम खिडकीतून ऐकत असे. एकदा त्याने हळूच सांगून पाहिलं की हे सगळे शब्द अदलाचे आहेत. तक्लाने त्याला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

शिव्यांनी असो किंवा दगडांनी, हिंदबे आली आणि झकास कडू आली. एवढंच की पानं खरोखरच हातभर लांब झाली. वापर मात्र सगळा झाला. कोवळी पानं लिंबू आणि आंबट सुमाकची पूड घालून कच्ची, मोठी पानं तेलात परतून, आणि उकडल्यावर उरलेलं हिरवंकाळं पाणी मल्हमला. यकृताला चांगलं असतं म्हणून तक्ला त्याला हे पाणी गेली चाळीस वर्षं वसंतात रोज पेलाभर पाजत आली होती. तो नाक दाबून प्यायचा आणि मग पाच मिनिटं कुणाशी बोलायचा नाही.

आता प्रश्न होता डोंगराचा. उपास सुरू झाला आणि तक्लाने नाटक बसवलं. सकाळी सहाला ती डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, कमरेला चाकू आणि खांद्यावर गोणी अशी दारातून निघायची. झऱ्यापाशी दोघीतिघींना दिसायची, दोन शब्द बोलायची, इतर बायकांना सांगायची की तुम्ही खालच्या उतारावर जा, मी माझ्या जागी जाते. मग कबरस्तानाच्या भिंतीमागे वळायची, बंद पडलेल्या रेशमाच्या गिरणीमागून खाली यायची आणि स्वतःच्याच बागेच्या पडक्या कुंपणापाशी पोचायची. तिथे मल्हमने ठेवलेलं स्टूल असायचं. सगळी मिळून अडीचशे पावलं. नऊ वाजेपर्यंत ती खुराड्यात कोंबड्यांच्या संगतीत थर्मासमधली कॉफी पीत बसायची, मग भाजी खुडायची, बुटांना माती फासायची, चेहऱ्यालाही थोडी, आणि आली त्याच वाटेने धापा टाकत गावात प्रवेश करायची. धापा खऱ्या होत्या, कारण स्टुलावर चढताना तिचा जीव जायचा.

पहिल्याच दिवशी गोणी उघडली तेव्हा बायका भोवती जमल्या. एकीने पान उचलून कोपरापासून मनगटापर्यंत मोजून पाहिलं. गावात अशी हिंदबे कुणी पाहिली नव्हती. तक्लाची ती जागा म्हणजे स्वर्गाच्या परसातलीच असणार, असं अबूनांची बायकोही म्हणाली. तक्लाला तेव्हाच कळलं की पाकिटाने घात केला. डोंगरावरच्या मापाची भाजी आणली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आता सगळं गाव ती जागा शोधायला उठणार होतं, आणि सगळ्यांच्या पुढे अदला.

उपासाच्या पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी तक्ला कबरस्तानाच्या भिंतीमागे वळणार तेवढ्यात तिला मागे घासत येणारी पावलं ऐकू आली. वळून पाहिलं तर अदला. अंगात चर्चला जायचा कोट आणि पायात घरातल्या चपला.

"हवा खायला निघालेय," अदला म्हणाली.

"खा की. कुणी अडवलंय?"

झालं. आता भिंतीमागे वळता येईना, घरी परत जाता येईना. तक्लाने दात आवळले आणि खराखुरा डोंगर चढायला लागली. दहा पावलं चढली की गुडघा बोलायचा, मग ती वाकून एखादं पान निरखल्यासारखं करायची. ती थांबली की मागची पावलंही थांबायची. तक्लाला वाटलं, काय चिवट बाई आहे, बरोबर अंतर राखून येते. तिला हे सुचलंच नाही की अदलालाही दहा पावलांच्या पुढे चालवत नव्हतं.

गावातल्या गच्च्यांवर तेव्हा सकाळची कॉफी चालू होती. आमच्याकडे सकाळची कॉफी दोन घरं मिळून पितात, त्या दिवशी सहा-सहा घरं एकत्र झाली, कारण मुख्तारच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखाच्या, गच्चीवरून उतार चांगला दिसतो. पुढे एक रुमाल, मागे एक कोट, मध्ये वीस पावलं. दोन्ही ठिपके एकाच वेळी हलत आणि एकाच वेळी बसत. पाऊण तासात त्यांनी जेवढं अंतर कापलं तेवढं एरवी गावातल्या कोंबड्या दाणे टिपता टिपता कापतात. शेवटी ओकच्या मोठ्या झाडापाशी तक्ला एका दगडावर बसली आणि अदला खालच्या दगडावर, आणि दोघींनीही एकमेकींकडे पाठ केली. दोघींनाही उठता येत नव्हतं आणि दोघींनाही ते सांगायचं नव्हतं.

दोन तासांनी मुख्तारने मल्हमला फोन केला की तुझ्या घरच्या बायका डोंगरावर वाळत पडल्यात, घेऊन ये. तो कच्च्या रस्त्याने जुनी मर्सिडीझ घेऊन गेला. एकीला पुढे बसवलं, एकीला मागे.

"भाजी नाही मिळाली आज?" मागून अदलाने विचारलं.

"आज मूड नव्हता तिचा."

"दादा, तुला माहीत आहे का रे हिची जागा?"

मल्हम म्हणाला की त्याला काहीच माहीत नाही. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले, आणि मागच्या सीटवरून कान अगदी समोर दिसतात.

दुसऱ्या दिवसापासून अदला रोज घरी येऊ लागली. कधी साखर मागायला, कधी ब्लडप्रेशरचं यंत्र मागायला, कधी ते परत द्यायला. एकदा तर ती फक्त दोरीवरच्या चिमट्यांचा रंग कुठला आहे हे पाहायला आली, तिला म्हणे तसलेच घ्यायचे होते. येण्याची वेळ ठरलेली नव्हती हा त्यातला खरा डाव. फाटकाची घंटा वाजायची आणि बागेच्या वाटेने चार पावलं टाकली की वाफा थेट समोर.

पहिल्या दिवशी घंटा वाजताच तक्लाने दोरीवरची ओली चादर ओढून वाफ्यावर फेकली.

"हे काय? जमिनीवर वाळवतेस?"

"उन्हात जमिनीवर टाकलं की डाग जातात," तक्ला म्हणाली.

"कुठले डाग?"

"तुझ्या भावाच्या कॉफीचे."

अदला कट्ट्यावर बसली आणि डाग जातात का ते बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तक्लाने ठरवलं की उगीच धावपळ नको, चादर तिथेच राहू दे. पण वाऱ्याने कोपरे उडत होते आणि चादर मधेच फुगलेली दिसत होती, म्हणून तिच्यावर लोकरी सतरंजी आली. सतरंजी कशाला म्हणून विचारलं तेव्हा उन्हाला घातली असं सांगितलं, आणि ते खरं वाटावं म्हणून घरातली गादीही आणून घातली. अदला आली, गादी पाहिली, आणि तक्ला कॉफी आणायला आत गेली तेवढ्यात गादीवर मस्त पाय पसरून बसली. तक्लाने परत येऊन खुर्ची पुढे केली, पण अदला हलली नाही.

"मऊ आहे गं तुझी गादी," अदला म्हणाली. "आत काय भरलंयस?"

"लोकर."

"आमच्या आईच्या घरी अशी गादी नव्हती."

त्यानंतर अदला रोज तिथेच बसून कॉफी घेऊ लागली. तक्ला समोर खुर्चीवर बसून मनातल्या मनात पानं मोजत असे, किती चेपली, किती उरली. असे बारा दिवस गेले. रोज संध्याकाळी कोपरा उचलून ती मल्हमच्या पाण्यापुरती चार पानं खुडायची आणि पुन्हा झाकून टाकायची. मल्हम पेला घ्यायचा आणि गटागट प्यायचा. हल्ली तो नाक दाबत नव्हता. पेला परत देताना ओठही पुसत होता. तक्लाचं लक्ष फाटकाकडे असायचं, त्यामुळे तिला हे दिसलं नाही.

मोठ्या शुक्रवारी पहाटे तिने गादी, सतरंजी, चादर सगळं ओढून बाजूला केलं आणि जागच्या जागी उभी राहिली. पानं हातभर लांब होती, कोवळी होती, पण फिकट पिवळी पडली होती, कोबीच्या आतल्या पानांसारखी. तक्लाने जन्मभर डोंगरावरची भाजी खुडलेली, जिच्यावर ऊन, वारा आणि बकऱ्या यांच्याशिवाय कुणी बसत नाही. झाकून ठेवलेल्या हिंदबेचं काय होतं हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. तिला वाटलं, बिचारी अदलाला घाबरली असेल. कडेची थोडी हिरवी पानं होती, ती तिने वर घालायला वेगळी ठेवली, आणि कांदा नेहमीपेक्षा दुप्पट तळायचं ठरवलं म्हणजे रंग झाकला जाईल.

मग तिने उकडली, पिळली, चिरली, परतली. चव मात्र पाहिली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत उपास असतो, आणि चाळीस वर्षांत तिने मोठ्या शुक्रवारची परात एकदाही चाखली नव्हती. चाखायची गरजच कधी पडली नव्हती.

दालनात ऐंशीएक माणसं होती. परात मधल्या टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यावरच्या कांद्याच्या डोंगराकडे पाहून दोघांनी मान डोलावली. अबूना जिर्यसांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांच्या ताटात एकेक घास वाढला गेला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एकदम तोंडात घातला.

या क्षणी दरवर्षी दालनातून एक मोठा कण्हण्याचा आवाज निघतो. माणसं डोळे मिटतात, पोरं थुंकायला बाहेर पळतात, म्हाताऱ्या समाधानाने उसासा टाकतात की हं, झाला एकदाचा शुक्रवार. या वर्षी काहीच झालं नाही. मग मागच्या बाकावरच्या एका चिमुरडीने ताट पुढे करून विचारलं, अजून आहे का. अबूनांनी खात्री करायला दुसरा घास घेतला. मग तिसरा घेतला, तो कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

"उम्म शाहीन," तिला मुलाच्या नावाने, शाहीनची आई म्हणून, हाक मारत ते म्हणाले, "हे गोड आहे."

तक्लाने परातीत बोट घातलं आणि चाटलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मल्हमचे कान लाल झाले होते.

"तुला माहीत होतं?"

"बारा दिवस पाणी छान लागत होतं," मल्हम म्हणाला.

"आणि तू बोलला नाहीस."

"चाळीस वर्षं प्रार्थना करत होतो गं. मला वाटलं, ऐकली."

कुणीतरी हसलं आणि लगेच दिवसाची आठवण होऊन खोकलं. तक्लाने टेबलाला धरून स्वतःला उभं केलं. तिच्या गुडघ्याचा कटकन आवाज झाला, तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, पाकीट, वाफा, खुराड्यातली कॉफी, बुटांना फासलेली माती. सांगताना तिने कुणाकडेच पाहिलं नाही. मग एप्रनच्या खिशातून चाकू काढला, लंगडत अदलाच्या टेबलापाशी गेली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"सासूबाई बोलल्या होत्या," ती म्हणाली. "माझा वाकत नाही. घे, तुझा."

एवढं बोलून ती तिथेच उभी राहिली, कारण चाकू दिल्यावर आता कुठे बसायचं हे तिला समजेना. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून ती याच दालनात अशीच उभी होती आणि तेव्हाही कुणी जागा दाखवली नव्हती. तिला रडायला येत होतं आणि म्हातारीने रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

अदलाने चाकूकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती ज्याच्याकडे पाहत आली होती तो आता हातभर अंतरावर होता. तिने हात पुढे केला नाही.

"त्या गादीखाली होती?" तिने विचारलं.

"हो."

"मी तिच्यावर बसत होते."

"रोज. कॉफी घेऊन."

अबूनांनी घसा साफ करून विचारलं की मग पुढच्या वर्षीपासून परात अदलाकडे समजायची का. अदलाने चाकू घ्यायला उठायचा प्रयत्न केला. अर्धी उठली आणि बसली. पुन्हा उठली, टेबलाला धरलं, पुन्हा बसली. दालन बघत होतं. तिने चाकू मुठीकडून धरून वहिनीच्या बाजूला सरकवला.

"त्या दिवशी ओकच्या झाडापर्यंत गेले," ती म्हणाली, "तेव्हापासून मी जिना उलटी उतरतेय, मांजरासारखी. काय करू मी चाकू घेऊन? ठेव तुझ्याकडे." मग ती अबूनांकडे वळली आणि तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत झाला. "आणि अबूना, तुम्ही तिसरा घास घेतलात, मी पाहिलंय. आमच्या गावच्या बाईने केलंय ते. कडू नसेल लागत तर वर लिंबू पिळा आणि गप्प खा."

लिंबाच्या फोडी सगळ्या दालनात फिरल्या. एवढं लिंबू पिळलं गेलं की शेवटी सगळ्यांची तोंडं व्यवस्थित वाकडी झाली, आणि शुक्रवार पार पडला. अदलाने शेजारची पिशवी उचलून खाली ठेवली आणि रिकाम्या जागेवर हात आपटला. तक्ला बसली. दोघी जेवायला लागल्या. मग अदला ताटातून मान वर न करता, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बिया उरल्यात का गं?"

"उरल्यात अर्ध्या पाकिटात."

"सप्टेंबरात टाकायच्या?"

"सप्टेंबरात," तक्ला म्हणाली. "पण वाफ्यावर बसायचं नाही."